पायथागोरसची पंगत

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत इटालियन पदार्थांचे शाकाहारी भोजनगृह ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. आजीबाईंपासून शाळकरी नातवापर्यंत सारे कुटुंब तेथे निःशंकपणे जाऊन बसते. पास्ता, पिझ्झा, रिसोत्तो हे शब्द आपल्या जिभेवर पोळी-भाताइतके नसले तरी इडली-डोशाइतके रुळले आहेत; आणि पश्चिमेकडील राष्ट्रांत आपल्या पानाशी जुळणारे पान जर कोणाचे असेल तर ते इटलीचे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत अगदीच निराधार नाही. कणीक, तांदूळ, कडधान्ये, भाजीपाला, तेल आणि चीज एवढ्या साहित्यावर सबंध जेवण उभे करण्याची कला इटालियन माणसाला जितकी साधली तितकी युरोपात फार थोड्यांना साधली असेल. परंतु ती त्याला कशी साधली, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो विचारला म्हणजे असे दिसून येते की, इटलीतील निर्मांस अन्नाचे इतिहास वस्तुतः दोन आहेत. एक, ज्यांना मांस परवडत नव्हते त्यांचा. दुसरा, ज्यांनी ते परवडत असता सोडले त्यांचा. पहिला लक्षावधींचा आहे आणि त्याने पाककृती दिल्या. दुसरा मूठभरांचा आहे आणि त्याने विचार दिला. हे दोन प्रवाह शतकानुशतके एकमेकांना जवळजवळ न भेटताच वाहत राहिले. त्यांची गाठ कशी पडली आणि ती पडताना कोणी काय किंमत दिली, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

विचाराचा प्रवाह अतिशय जुना आहे. सामोस बेटावरचा ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरस ख्रिस्तपूर्व 530 च्या सुमारास दक्षिण इटलीतील क्रोतोन या ग्रीक वसाहतीत येऊन राहिला व तेथे त्याने आपला संप्रदाय स्थापिला. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, सबब प्राण्याचा घात करणे म्हणजे कदाचित आपल्याच आप्ताचा घात करणे होय, ही त्याची म्हणून सांगितली जाणारी शिकवण आपल्या वाचकांना मुळीच परकी वाटणार नाही. त्याने स्वतः लिहिलेले असे काहीच आज उपलब्ध नाही. परंतु रोमन कवी ऑव्हिड याने आपल्या 'मेटॅमॉर्फसीस' या काव्याच्या पंधराव्या भागात मांसाशनाविरुद्ध एक दीर्घ भाषण त्याच्या तोंडी घातले, आणि त्यामुळे पुढील सर्व युरोपात मांसत्यागाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. इंग्लंडात 1847 साली शाकाहारी मंडळ स्थापन झाले व शाकाहारासाठी आजचा इंग्रजी शब्द रूढ झाला. तोपर्यंत अशा आहाराला सुशिक्षित युरोपीय माणूस 'पायथागोरसचा आहार' असेच म्हणे.

हा आहार तत्त्व म्हणून पाळणाऱ्याकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो, याचे एक उदाहरण रोमच्या इतिहासात आहे. सेनेका हा पुढे नीरोचा गुरू व मंत्री झाला. तरुणपणी सोतिऑन या आपल्या गुरूच्या उपदेशाने त्याने मांस सोडले. वर्षभर त्याने हे व्रत पाळले, आणि ते आपल्याला सोपेच नव्हे तर सुखाचेही झाले, असे त्याने म्हातारपणी एका पत्रात लिहून ठेवले आहे. परंतु सम्राट तिबेरियस याच्या कारकिर्दीत, इ. स. 19 च्या सुमारास, ईजिप्शियन व यहुदी उपासनांवर सरकारची वक्रदृष्टी वळली. विशिष्ट मांस न खाणे हा परकीय धर्माच्या नादी लागल्याचा पुरावा मानला जाऊ लागला. सेनेकाच्या वडिलांनी मुलाला पूर्ववत जेवावयास सांगितले, आणि मुलाने ते ऐकले. त्यासाठी आपली फारशी मनधरणी करावी लागली नाही, असे तो प्रांजळपणे कबूल करतो. या प्रसंगातील मर्म वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. एखादा दरिद्री रोमन पाथरवट जन्मभर लापशी आणि कांदा खाऊन राहिला असता तर कोणत्याही सम्राटाला त्याची भीती वाटली नसती. खाण्याची ऐपत असून जो खात नाही, त्याच्या न खाण्यामागे काही विचार असला पाहिजे, आणि राज्यकर्त्यांना संशय येतो तो त्या विचाराचा.

आता दुसऱ्या, म्हणजे पोटाच्या प्रवाहाकडे वळू. मध्ययुगात रोमन चर्चने उपवासाचे जे नियम घालून दिले, त्यांप्रमाणे शुक्रवार, मोठ्या सणांचे पूर्वदिवस आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा काळ धरून वर्षाचा फार मोठा भाग मांसवर्ज्य असे. ईस्टरपूर्वीच्या उपवासात तर दूध, लोणी व अंडी यांनाही दीर्घकाळ बंदी होती. मांसाच्या दिवसांना इटालियन भाषेत 'ग्रास्सो', म्हणजे पुष्ट, आणि निर्मांस दिवसांना 'माग्रो', म्हणजे कृश, असे म्हणत. एकाच पदार्थाच्या दोन आवृत्त्या स्वयंपाकघरात सिद्ध असत. आजही पालक व ताजे रिकोत्ता चीज भरलेल्या राविओलीला 'माग्रो'ची राविओली म्हणतात, ते या परंपरेमुळेच. अर्थात ज्याच्या घरी संपत्ती होती त्याचा कृश दिवसही तसा कृश नसे. मासे चालत, बदामाचे दूध चाले, साखर चाले. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण जाणणाऱ्या महाराष्ट्राला याहून अधिक सांगणे नलगे. हा त्याग पंचांगाने ठरविलेला होता. त्यात प्राण्याविषयीच्या दयेचा भाग नव्हता. ईस्टरचा दिवस उजाडला की कोकराच्या मांसानेच उपवास सुटे.

धर्माच्या या नियमाला दारिद्र्याची व हवामानाची जोड मिळाली होती. याविषयी एका निर्वासित इटालियन गृहस्थाची साक्ष मोठी बोलकी आहे. मोदेना येथील ज्याकोमो कास्तेलवेत्रो हा प्रॉटेस्टंट मताचा विद्वान 1611 साली व्हेनिसमध्ये धर्मन्यायालयाच्या तावडीत सापडला. इंग्रज वकील डडली कार्ल्टन याच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली आणि तो इंग्लंडात आश्रयास गेला. तेथील मांसाने लादलेली मेजे पाहून त्याला आपल्या देशातील शेंगा, पालेभाज्या, कंद आणि फळे यांची इतकी आठवण झाली की, 1614 साली त्याने त्यांवर एक लहानसे पुस्तक लिहिले. ऋतुमानाप्रमाणे एकेक भाजी घेऊन ती कशी निवडावी, धुवावी आणि तेल-मीठ घालून कशी वाढावी, हे त्यात सांगितले आहे. इटालियन लोक भाजीपाला इतका का खातात, याची त्याने दिलेली कारणे अगदी रोखठोक आहेत: एक तर आपल्या देशात मांसाची इंग्लंडाइतकी विपुलता नाही, आणि दुसरे म्हणजे वर्षाचे बहुतेक महिने उकाड्यामुळे मांस नकोसे होते. यात ना पायथागोरस आहे, ना पुनर्जन्म!

याच शतकात नेपल्समध्ये जो पालट झाला तो या सर्व इतिहासातील सर्वांत मोठा म्हटला पाहिजे. त्यापूर्वी नेपल्सच्या रहिवाशांना इतर इटालियन लोक 'मान्जाफोल्या', म्हणजे पाला खाणारे, असे हिणवीत. कारण कोबी व मांस हे त्यांचे नेहमीचे अन्न होते. सतराव्या शतकात शहराची लोकसंख्या फुगत गेली, मांस महागले आणि गरिबाच्या पानातून ते नाहीसे होऊ लागले. त्याच सुमारास कणीक तिंबण्याचे यंत्र आणि ती साच्यातून दाबून काढण्याचा दाबयंत्राचा प्रकार यांचा प्रसार झाला, व वाळविलेला पास्ता स्वस्त झाला. तेव्हा तेच लोक 'मान्जामाक्केरोनी', म्हणजे माकारोनी खाणारे, झाले. हे स्थित्यंतर एमिलियो सेरेनी या इतिहासकाराने 1958 साली एका प्रसिद्ध निबंधात उलगडून दाखविले आहे. रस्त्याच्या कडेला मोठ्या कढईत पास्ता शिजे, त्यावर किसलेले चीज भुरभुरले जाई, आणि गिऱ्हाईक उभ्या-उभ्या मान मागे टाकून तो बोटांनी तोंडात सोडी. इटालियन निर्मांस भोजनगृहाचे आद्य स्वरूप शोधावयाचे असेल तर ते या कढईपाशी सापडेल. तथापि तेथेही सोवळेपणा नव्हता. फ्रेंच कादंबरीकार आलेक्सांद्र द्युमा याने 1843 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात नेपल्सच्या पिझ्झ्याचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत तेल, चीज व टोमॅटो यांच्या बरोबरीने डुकराची चरबी आणि बारीक मासळी यांचीही गणना आहे. जे स्वस्त ते पिझ्झ्यावर, असा तो साधा हिशेब होता.

टोमॅटोशिवाय आज इटालियन पदार्थाची कल्पनाच करवत नाही. पण हे फळ अमेरिकेतून आलेले आहे. 1544 साली मात्तिओली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा उल्लेख केला. स्वयंपाकाच्या पुस्तकात त्याचा रस्सा अवतरला तो अंतोनियो लातीनी याच्या, 1692 व 1694 या साली नेपल्समध्ये दोन भागांत निघालेल्या ग्रंथात, आणि तोही 'स्पॅनिश पद्धतीचा' म्हणून. टोमॅटो आणि शेवया यांचे लग्न लागून ते सर्वमान्य व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. वांग्याची कथाही अशीच. पेल्लेग्रिनो आर्तूसी याने 1891 साली फ्लॉरेन्समध्ये जो पाकग्रंथ स्वखर्चाने छापला, त्यात तो सांगतो की, चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या मंडईत वांगी क्वचितच दिसत. ते यहुद्यांचे खाणे म्हणून लोक त्याचा तिटकारा करीत. ज्या भाज्यांवर आज इटालियन शाकाहाराची इमारत उभी आहे, त्यांतील कित्येक अशा रीतीने परक्या मुलखातून किंवा तुच्छ लेखलेल्या पंगतीतून आल्या आहेत.

परंतु गरिबाच्या निर्मांस अन्नाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. अमेरिकेतून टोमॅटोप्रमाणे मकाही आला. व्हेनेतो, लोंबार्दी या उत्तरेकडील प्रांतांत तो इतका पिकला की शेतमजुराच्या पानात पोलेंता, म्हणजे मक्याचा घाटा, याशिवाय दुसरे काही पडेना. अमेरिकेतील मूळचे लोक मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून मग दळीत. मका युरोपात आला, पण ही रीत त्याच्याबरोबर आली नाही. परिणाम भयंकर झाला. अंगाची कातडी खरखरीत होऊन सोलपटू लागे, अतिसार जडे, आणि अखेरीस बुद्धिभ्रंश होई. 1771 साली फ्रापोल्ली या मिलानच्या वैद्याने या रोगाला 'पेलाग्रा' हे नाव दिले. 1881 च्या सरकारी गणनेत इटलीत त्याचे एक लाखाहून अधिक रोगी आढळले. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो, हे कळावयास 1937 साल उजाडले. आपल्या दख्खनच्या पठारावरही, ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग आढळतो हे हैदराबादच्या आहारशास्त्रज्ञांनी 1960 नंतर दाखवून दिले. जोंधळ्याची भाकरी आणि मक्याचा घाटा यांत दोष धान्याचा नव्हे. त्याच्या जोडीला डाळ, दूध किंवा भाजी न मिळू देणाऱ्या दारिद्र्याचा. लादलेला त्याग आणि स्वीकारलेला त्याग यांतील भेद किती जीवघेणा असू शकतो, हे पेलाग्राने लाखभर देहांवर लिहून दाखविले.

इकडे विद्वानांचा पायथागोरस स्वस्थ नव्हता. हिंदुस्थानचा समुद्रमार्ग खुला झाल्यावर जे इटालियन प्रवासी येथे आले, त्यांना आपल्या पुस्तकांतील पायथागोरस येथे प्रत्यक्ष चालता-बोलता दिसला. आंद्रेआ कोर्साली या फ्लॉरेन्सच्या प्रवाशाने 1516 च्या सुमारास कोचीनहून धाडलेल्या पत्रात, रक्ताचा पदार्थ न खाणाऱ्या व कोणत्याही जीवाला इजा न करणाऱ्या गुजराती लोकांचे वर्णन केले, आणि त्यांना उपमा दिली ती आपल्याच लेओनार्दो दा विंचीची! चित्रकलेतील त्या महापुरुषाच्या आहाराविषयी जो थोडा समकालीन पुरावा आहे, त्यांत हे वाक्य प्रमुख आहे. पुढे रोमचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले 1623 साली सुरतेस उतरला. त्याने खंबायत येथील पशुपक्ष्यांची रुग्णालये जिज्ञासेने पाहिली व त्यांचे सविस्तर वर्णन लिहिले. अठराव्या शतकात फ्लॉरेन्सचा वैद्य अंतोनियो कोक्की याने 1743 साली पायथागोरसच्या आहाराचे वैद्यकीय समर्थन करणारा प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचे प्रतिपादन आरोग्याच्या दृष्टीने होते. आणि 1781 साली नेपल्समध्ये व्हिंचेन्झो कोर्रादो या पाकशास्त्रज्ञाने 'पायथागोरसच्या अन्ना'वर स्वतंत्र पुस्तकच काढले. ते त्याने उमराव व विद्वान यांच्यासाठी लिहिले होते. पण त्यातील भाज्या मांसाच्या पाण्यात शिजवावयास त्याला मुळीच संकोच वाटला नाही! नाव तत्त्वज्ञाचे आणि चव उमरावाची, असा तो संकर होता. भाजी प्रतिष्ठित झाली. विचार मात्र पुस्तकातच राहिला.

तो विचार पुस्तकातून पानात उतरला आमच्या शतकाच्या शेजारच्या शतकात, पिसा शहरातील एका विद्यार्थीगृहाच्या भोजनगृहात. आल्दो कापितीनी यांचा जन्म 1899 साली पेरुज्या येथे झाला. वडील नगरभवनाच्या घंटाघराचे रखवालदार; घरची स्थिती बेताची. शिष्यवृत्ती मिळवून ते पिसाच्या 'स्कुओला नोर्माले' या नामांकित विद्यापीठात शिकले व पुढे तेथेच चिटणीस झाले. 1929 साली मुसोलिनी व पोप यांच्यात तह झाला, तेव्हा धर्मसंस्थेवरील त्यांचा विश्वास उडाला, आणि त्यांची दृष्टी गांधीजींकडे वळली. त्यांनी मांस सोडले. त्यामागील त्यांची विचारसरणी मनन करण्याजोगी आहे. मुसोलिनी इटलीला युद्धाकडे नेत होता. ज्या माणसाला पशूवर हात उचलताना संकोच वाटेल, त्याला माणसावर हात उचलताना त्याहून अधिक संकोच वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. आता गंमत अशी की, गांधीजींच्या आत्मचरित्राचे इटालियन भाषांतर 1931 साली निघाले, त्याला प्रस्तावना होती ज्योव्हान्नी जेंटीले यांची. हे जेंटीले म्हणजे फॅसिस्ट पक्षाचे तत्त्वज्ञ, आणि कापितीनी जेथे नोकरीस होते त्या संस्थेचे प्रमुख!

प्रस्तावना लिहिणे निराळे आणि शेजारच्या मेजावर ते तत्त्व जेवताना पाहणे निराळे. कापितीनी विद्यार्थ्यांच्या पंगतीतच जेवीत. त्यामुळे त्यांचे मांस न घेणे कोणापासून लपत नव्हते. तरुण पोरे पाहत, विचारीत, आपापसांत बोलत. शब्दही न उच्चारता रोज दोन वेळा एक मत जाहीर होत होते, आणि ते वरिष्ठांना अस्वस्थ करीत होते. अखेर पक्षाचे सभासदत्व पत्करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि 1933 च्या आरंभी त्यांची नोकरी गेली. नोकरी गेली ती पक्षाचे पत्र नाकारल्यामुळे, भाजी खाल्ल्यामुळे नव्हे, हे खरे. परंतु दोन्ही नकार एकाच मुळातून निघाले होते. पेरुज्यास परतून खाजगी शिकवण्यांवर त्यांनी उदरनिर्वाह केला. 1942 व 1943 साली तुरुंगवास भोगला. पण पान बदलले नाही. सेनेकाने जेथे वडिलांचे ऐकले, तेथे या घंटाघराच्या रखवालदाराच्या मुलाने सम्राटाचेही ऐकले नाही. 1952 साली त्यांनी पेरुज्या येथे इटालियन शाकाहारी मंडळ स्थापिले, आणि 1961 साली पेरुज्यापासून संत फ्रान्सिसच्या असिसीपर्यंत शांतिपदयात्रा काढली. 1968 साली ते वारले.

विचार आणि पाककृती यांची गाठ पडली म्हणावयाची ती यानंतर. पिएत्रो लीमान या इटालियन भाषिक स्विस आचाऱ्याने 1989 साली मिलानमध्ये 'जोया' हे शाकाहारी भोजनगृह काढले. 1996 साली त्याला मिशलेन मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, आणि हा मान मिळविणारे ते युरोपातील पहिले शाकाहारी भोजनगृह ठरले. गरिबांच्या कढईने शिकविलेले कौशल्य आणि कापितीनींसारख्यांनी जपलेला आग्रह एकाच छपराखाली नांदू लागले, याची ही प्रतिष्ठित खूण होय.

तरी जुन्या द्वैताचे अवशेष अजून मेजावर आहेत, आणि जाणत्या कुटुंबाने ते ओळखावेत. पार्मिज्यानो रेज्यानो हे प्रख्यात चीज त्याच्या विधिनियमांप्रमाणे वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच विरजावे लागते. सबब ते किसून घातलेला पदार्थ 'माग्रो' ठरेल, पण कापितीनींच्या अर्थाने निर्दोष ठरणार नाही. मिलानचा केशरी रिसोत्तो परंपरेने मांसाच्या पाण्यात व हाडातील मगजावर शिजतो. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सारातही पुष्कळ घरी डुकराची चरबी पडे. उलट नेपल्सचा 'मारिनारा' पिझ्झा, ज्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो व तेल यांपलीकडे काही नसते, तो कोणत्याही पंगतीत निर्धास्तपणे वाढावा. वाढप्याला दोन प्रश्न विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

आपल्यातील बहुतेकांचा शाकाहार जन्माने आलेला आहे. त्यासाठी आपल्याला ना उपाशी राहावे लागले, ना नोकरी गमवावी लागली. म्हणूनच तो आपल्याला फार सोपा वाटतो, आणि कधीकधी त्याचा अभिमानही फार स्वस्तात मिळतो. समोरच्या बशीतील पोलेंता ज्याने पिढ्यान्‌पिढ्या निरुपायाने खाल्ली तो शेतमजूर, आणि विद्यार्थ्यांच्या पंगतीत मांसाची थाळी ज्यांनी शांतपणे पुढे सरकवली ते कापितीनी, या दोघांचेही ऋण त्या बशीवर आहे. एवढे ध्यानात ठेवून घास घेतला तर त्याची गोडी कमी होईल असे मला वाटत नाही.